बसू नोको : दुकानात उभ्या राहिलेल्या माणसांचा इतिहास

बारावीची परीक्षा संपली त्या वर्षी खामगावातल्या एका कापडाच्या दुकानात मी अख्खी लग्नसराई काम केलं. दुकानाचं नाव सांगत नाही. सांगायची गरजही नाही, तसं दुकान तुमच्या गावातही आहे.

सकाळी साडेनऊला शटर वर जायचं, रात्री साडेनऊला खाली यायचं. मधे जेवायला वीस मिनिटं. पहिल्या दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला दुकानात चिटपाखरू नव्हतं. बाहेर वैशाखाचं ऊन, रस्त्यावर कुत्रंही दिसेना. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर टेकलो. गल्ल्यावरून शेठजींचा आवाज आला. आवाज रागाचा नव्हता, समजावणीचा होता.

"भाऊ, बसू नोको. बसलेला मानूस पाह्यला की गिऱ्हाइकाले वाटते, दुकान चालत नाही."

मी उठलो. पुढचे अडीच महिने उभाच होतो.

माझ्यासोबत एक काका होते, त्याच दुकानात वीसेक वर्षं काढलेले. ते दर तासा-दीड तासानं सगळ्यात खालच्या कप्प्यातल्या साड्या नीट लावायला बसायचे. साड्या नीटच असायच्या. तरी ते त्या काढायचे, घडी मोडायचे, पुन्हा घालायचे. मला वाटलं, माणूस फारच शिस्तीचा आहे. चौथ्या दिवशी माझ्या टाचा ठणकायला लागल्या तेव्हा त्यांनी मला खुणेनं बोलावलं आणि म्हणाले, "ये, खालचा कप्पा लाव."

खालचा कप्पा ही त्या दुकानातली एकमेव जागा होती, जिथे नोकरानं बसलेलं चालायचं.

आपल्या जिल्ह्याचा इतिहास म्हटलं की सिंदखेडराजा येतं, लोणार येतं, शेगाव येतं. त्या खालच्या कप्प्यालाही इतिहास आहे. त्यात रेल्वे आहे, कापूस आहे, लंडनच्या दुकानातल्या पोरी आहेत, आणि वेळोवेळी बदललेला एक कायदा आहे.

नाव नोकराचं, कागद मालकाचा

पुढच्या वेळी एखाद्या दुकानात गेलात की गल्ल्यामागची भिंत बघा. लक्ष्मी-गणपती, दुकान सुरू करणाऱ्या आजोबांचा हार घातलेला फोटो, जीएसटीचं प्रमाणपत्र, आणि बऱ्याचदा एक जुना कागद : शॉप ॲक्टचं लायसन्स. मुंबईकडे याच कागदाला 'गुमास्ता' म्हणतात. "गुमास्ता काढलंय का?" असं विचारतात, म्हणजे दुकानाची नोंदणी केली आहे का.

गुमास्ता हा शब्द फारसीतून आला. त्याचा अर्थ 'नेमलेला'. व्यापाऱ्यानं दुसऱ्या गावी खरेदी-विक्रीसाठी, वसुलीसाठी, हिशोबासाठी नेमलेला माणूस. ईस्ट इंडिया कंपनीचेही गुमास्ते होते, आणि बंगालच्या विणकरांना त्यांचा जाच ठाऊक होता. बाजारपेठेत मात्र हा शब्द हळूहळू खाली उतरत आला आणि पगारी कारकुनाला, दुकानातल्या नोकराला चिकटला. दुकानातल्या नोकरांसाठी कायदा आला तेव्हा लोकांनी त्या कायद्यालाच गुमास्ता म्हणायला सुरुवात केली. पुढे माणूस विसरला गेला आणि कागद उरला. आज गुमास्ता म्हटलं की डोळ्यांसमोर मालक येतो, बँकेचं करंट अकाउंट येतं. ज्या नोकराच्या नावानं तो कागद निघाला, त्याला त्यात काय लिहिलंय हे माहीत नसतं. मलाही नव्हतं. रोज त्याच्याखाली उभा राहायचो, वाचला कधी नाही.

काटा तपासला, माणूस राहिला

खामगाव जिल्ह्याचं मुख्यालय नाही, पण बाजार कायम खामगावचाच मोठा. खरं तर १९०५ पर्यंत खामगाव अकोला जिल्ह्यात होतं, त्या वर्षीच्या फेररचनेत ते बुलढाण्याला जोडलं गेलं.

या बाजाराला मोठं केलं कापसानं. १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. पुढच्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस अडकला, आणि मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांचे डोळे वऱ्हाडाच्या काळ्या मातीकडे वळले. १८७० मध्ये जलंबहून खामगावपर्यंत खास रेल्वेचा फाटा टाकण्यात आला. तो सुरू करायला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खुद्द खामगावात आला होता. एवढ्याशा गावासाठी एवढा मोठा पाहुणा. वोलकार्ट, राली अशा युरोपातल्या कंपन्यांनी वऱ्हाडात आपली माणसं बसवली. वखारी आल्या, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले, अडते आले, दलाल आले. मारवाड-गुजरातेतून व्यापारी आले आणि इथलेच झाले.

एवढा बाजार चालवायला माणसं लागतात. हिशोबाला मुनीम, पत्रव्यवहाराला दिवाणजी, तोलायला मापारी, उचलायला हमाल, आणि चहा-पाण्यापासून निरोपापर्यंत सगळ्याला पोऱ्या. कापूस विकून शेतकऱ्याच्या हातात पैसा आला की तो बाजारपेठेत फिरायचा. त्याच्यासाठी कापडाची, किराण्याची, भांड्यांची आणि चांदीची दुकानं लागली. खामगावची चांदी आजही लांबलांबचं गिऱ्हाईक ओढते.

या बाजारात लबाडी किती चालायची हे सरकारला फार लवकर कळलं. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्यबाजाराचा कायदा झाला. शेतमालाच्या बाजाराला नियम घालून देणारा हा देशातला पहिला कायदा मानला जातो. आज आपण ज्याला बाजार समिती म्हणतो, त्याचं मूळ इथे वऱ्हाडात आहे. मापाऱ्याला परवाना लागला, दलालाला परवाना लागला, वजनं-मापं तपासली जाऊ लागली.

म्हणजे काटा बरोबर आहे का, हे १८९७ पासून तपासलं जात होतं. काट्याशी उभा असलेला माणूस किती तास उभा आहे, हे बघायला वऱ्हाडात त्यानंतर पन्नास वर्षं लागली.

गादीवरून उतरलो तो उभाच

एक गोष्ट मला दुकान सोडल्यावर खूप उशिरा सुचली. जुन्या कापडाच्या दुकानात कुणीच उभं राहत नसे.

आठवून बघा. पांढऱ्याशुभ्र चादरींच्या गाद्या, टेकायला लोड, चपला बाहेर. गिऱ्हाईक गादीवर, शेठ गादीवर, आणि साड्या उलगडून दाखवणारा माणूसही मांडी घालून गादीवरच. त्याच्यामागे कप्पे, हात लांबवला की माल. लग्नाच्या बस्त्याला अख्खं कुटुंब तिथे दोन-तीन तास बसायचं. मेहकर, चिखली, मलकापूरकडे अशा बैठका अजून काही दुकानांत शिल्लक आहेत.

त्या काळी नोकराचे लाड होत, असा याचा अर्थ नाही. तास तेवढेच लांब होते, पगार तेवढाच बारीक. पण पाय दुमडलेले असायचे.

काउंटर ही इंग्रजी दुकानाची रीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला मुंबईत व्हाइटअवे लेडलॉ, आर्मी अँड नेव्ही अशी साहेबी दुकानं निघाली. तिथे फळीच्या एका बाजूला गिऱ्हाईक उभं, दुसऱ्या बाजूला विक्रेता उभा. बसणं म्हणजे आळस, असा अर्थ तिथे बसण्याला चिकटला. आपल्याकडे काचेचं काउंटर, ट्यूबलाइट आणि 'शोरूम' ही पाटी आली तशी गादी गुंडाळली गेली आणि तो अर्थही सोबत आला. आमच्या शेठजींना व्हाइटअवे लेडलॉ ठाऊक असण्याचं कारण नाही. पण "बसलेला मानूस पाह्यला की..." हे वाक्य त्याच वाटेनं खामगावात पोचलं असावं असं मला वाटतं.

गंमत अशी की ज्या इंग्लंडनं ही रीत घातली, तिथेच तिच्याविरुद्ध पहिली ओरड झाली. तिथल्या कापडदुकानांत काम करणारी पोरं-पोरी दुकानाच्याच माडीवर राहत. जेवण-राहणं मालकाकडे, त्यामुळे तोंड उघडायची सोय नाही. १८८६ च्या कायद्यानं अठरा वर्षांखालच्या मुलांच्या कामाला मर्यादा घातली, आणि ती मर्यादा होती जेवणाच्या सुट्टीसह आठवड्याला ७४ तास! मर्यादाच एवढी, तर आधी काय असेल? १८९९ मध्ये तिथे आणखी एक कायदा झाला : दुकानातल्या दर तीन बायकांमागे किमान एक बसायची जागा ठेवायची. तिघींत एक स्टूल. तेवढ्यासाठीही पार्लमेंटला कायदा करावा लागला. १९११ मध्ये दुकाननोकरांना आठवड्यातून अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळाली.

सुट्टीचा वार

आपल्याकडे सुट्टीचा लढा गिरण्यांपासून सुरू झाला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांना एकत्र केलं, आणि १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरण्यांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवारी उशिरा उठताना आपण ज्यांचे आभार मानायला हवेत, ते हे लोखंडे.

पण गिरणीत हजारो माणसं एका भोंग्यावर आत जातात आणि एका भोंग्यावर बाहेर पडतात. भोंगा बंद पाडला की मालकाला ऐकू जातं. दुकानाला भोंगा नसतो. एका दुकानात दोन नोकर, शेजारच्यात तीन, पलीकडे मालकाचा पुतण्याच नोकर. त्यांनी एकत्र यायचं कधी आणि कुठे? रात्री साडेनऊला शटर पडल्यावर?

अडचण मालकांचीही होती. समजा एखाद्या भल्या दुकानदाराला वाटलं, सोमवारी दुकान बंद ठेवावं. समोरचा उघडं ठेवेल आणि गिऱ्हाईक तिकडे जाईल. म्हणून कुणीच बंद ठेवत नसे. सगळ्यांना एकाच वेळी कुलूप लावायला सांगणारा बाहेरचा कुणीतरी लागतो. तो बाहेरचा म्हणजे कायदा.

मुंबई प्रांतानं १९३९ मध्ये दुकानं आणि आस्थापनांचा कायदा केला, देशातला असा पहिला. १९४२ मध्ये केंद्रानं साप्ताहिक सुट्टीचा कायदा केला. आपला वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांतात होता. तिथला 'मध्य प्रांत व वऱ्हाड दुकाने व आस्थापना कायदा' झाला १९४७ मध्ये. देश स्वतंत्र होत होता त्याच वर्षी खामगावच्या दुकानातल्या माणसाला कागदावर पहिल्यांदा कामाचे तास मिळाले.

मुंबईनं १९४८ मध्ये नवा, जास्त कडक कायदा केला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर तोच विदर्भालाही लागू झाला. त्याच्या मुख्य गोष्टी साध्या होत्या. दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८. सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, मग किमान एक तास विश्रांती. आठवड्यातून एक दिवस दुकान बंद. आणि सगळ्यात महत्त्वाचं : दुकानात एकच नोकर असला तरी कायदा लागू.

त्यातूनच गावोगाव बंदचे वार पडले. कुठे सोमवार, कुठे शुक्रवार. शेगावात गुरुवारी महाराजांच्या दर्शनाला गर्दी लोटते, त्यामुळे तिथल्या प्रसादाच्या दुकानातल्या पोराला गुरुवारी सुट्टी मागणं शक्यच नाही. वार कोणताही असो, एक वार नोकराचा आहे ही कल्पना रुजली, ती या कायद्यानं.

कायदा पाळला गेला का? अर्धामुर्धा. सुट्टीच्या दिवशी शटर अर्धं खाली ओढून आत स्टॉक मोजायला बोलावण्याची युक्ती जुनी आहे. पण अर्धं शटर हीसुद्धा एक कबुलीच असते. मालकाला माहीत असतं की आपण काहीतरी लपवतोय.

घरातलाच माणूस

मग नोकर तक्रार का करत नाही? याचं उत्तर मला कायद्यात सापडलं नाही. ते आपल्या शेतात सापडलं.

वऱ्हाडात सालदार असतो. पाडव्याला नाहीतर आखाजीला वर्षभरासाठी ठरवलेला गडी. धान्य किती, पैसे किती हे आधी बोलून घेतलेलं. सालदार कामाचे तास मोजत नाही. गाय रात्री दोनला व्यायली तर तो रात्री दोनला गोठ्यात असतो. बदल्यात त्याच्या पोरीच्या लग्नाला मालक उचल देतो, दवाखान्याला पैसे देतो. त्या उचलीमुळेच पुढच्या वर्षी तो दुसरीकडे जाऊ शकत नाही.

बाजारातल्या दुकानानं हेच नातं उचललं. आमच्या काकांचं वाक्य होतं, "मले कधी नोकर म्हनून वागवलं नाही. घरातलाच मानूस समजते." हे खोटं नव्हतं. त्यांच्या बायकोच्या ऑपरेशनला शेठजींनी एका फोनवर पैसे पाठवले होते. पण पगारवाढीचा विषय निघाला की हीच गोष्ट आडवी यायची. घरातल्या माणसानं घरात पगार मागायचा कसा? ओव्हरटाइम कुणाला विचारायचा, मोठ्या भावाला? प्रॉव्हिडंट फंड? उचल फिटलेली नसायचीच. ऑपरेशनचे पैसे खरे होते आणि गप्प बसणंही खरं होतं. दोन्ही एकाच हातानं दिलेलं.

दुसरं कारण जास्त गोड आहे. दुकानातला नोकर स्वतःला कायमचा नोकर मानत नाही. तो धंदा शिकत असतो. सुरतेहून माल कुठून येतो, उधारी कुणाला द्यायची, कुणाला नाही, कोणत्या गिऱ्हाइकाला आधी महाग साडी दाखवायची. "पाच वर्षं इथं काढतो, मग माह्यं छोटं का होईना दुकान टाकतो," हे प्रत्येकानं कधी ना कधी म्हटलेलं असतं. खरा पगार म्हणजे ही आशा. उद्या मालक होणारा माणूस आज मालकाविरुद्ध कशाला बोलेल?

त्याच बाजारात हमालांची गोष्ट वेगळी झाली. हमालाला ठाऊक होतं की तो हमालच राहणार आहे. पोतं शंभर किलोचं आहे, पाठ आपली आहे. ते चौकात एकत्र बसायचे, एकत्र चहा प्यायचे. पुण्यात डॉ. बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली, मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींची संघटना बांधली, आणि १९६९ मध्ये महाराष्ट्रानं माथाडी कायदा केला. दुकानाबाहेर पोतं उतरवणाऱ्याला बोर्ड मिळालं. दुकानाच्या आत त्याच पोत्यातला माल विकणाऱ्याला "घरातलाच" हा शब्द मिळाला.

शेठजींनाही खलनायक करायचं नाही. तेही बारा तास तिथेच असायचे. गल्ल्यावर बसलेले खरे, पण सुट्टी त्यांनाही नव्हती. कापूस पिकला नाही की त्यांची उधारी बुडायची. आता तर मोबाइलवर साडी मागवणारं गिऱ्हाईक त्यांना दिसतही नाही. पण आपण दमलो आहोत म्हणून दुसऱ्याचं दमणं दिसू नये, हा कुठला हिशोब?

दहाचा आकडा

२००० नंतर नवी दुकानं आली. २००१ मध्ये बिग बझार, २००२ मध्ये पवईला पहिलं डी-मार्ट. मग सुपरमार्केट आणि कपड्यांच्या साखळ्या पसरत तालुक्याच्या गावांपर्यंत आल्या. माझे दोन मित्र अशा दुकानांत लागले. वेगवेगळ्या कंपन्या, पण सांगायचे तेच. एसी आहे, गणवेश आहे, पगार थेट खात्यात, पीएफ कापला जातो. सुरुवातीला आम्हाला त्यांचा हेवा वाटायचा.

मग दुसरी बाजू कळायला लागली. सकाळी गोलात उभं राहून टाळ्या वाजवायच्या आणि टार्गेट ऐकायचं. मोबाइल लॉकरमध्ये. बाहेर पडताना अंगझडती. लोणच्याची बरणी गिऱ्हाइकानं फोडली तरी 'शॉर्टेज' फ्लोअरच्या खात्यावर. आणि अर्थात, बसायचं नाही. आमच्या दुकानात निदान खालचा कप्पा होता. तिथे वर कॅमेरा.

घरातला शेठ गेला आणि मॅनेजर आला. तोही पगारी, त्याच्यावरही टार्गेट. "कंपनी पॉलिसी आहे" या वाक्यापुढे भांडायचं कुणाशी? बरेचदा पोरगा कंपनीचाही नसतो, एजन्सीचा असतो. २०२२ मध्ये बिग बझारच्या अनेक दुकानांच्या जागा दुसऱ्या कंपनीकडे गेल्या आणि पाट्या उतरल्या. आत काम करणाऱ्यांना आपला मालक कोण, हे बातम्यांतून कळायची वेळ आली.

याच काळात कायदाही बदलला. महाराष्ट्रानं दुकानांसाठी नवा कायदा केला आणि १९ डिसेंबर २०१७ पासून तो लागू झाला. त्यात चांगल्या गोष्टी आहेत. सणांच्या आठ भरपगारी सुट्ट्या, आठ किरकोळ रजा, पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह, पन्नास किंवा जास्त कामगार असतील तर पाळणाघर. दुकान आठवडाभर उघडं ठेवायची मुभा मिळाली, पण प्रत्येक कामगाराला एक वार सुट्टी बंधनकारक राहिली. पाच तासांनंतरची विश्रांती मात्र एक तासावरून अर्ध्या तासावर आली.

सगळ्यात मोठा बदल एका आकड्यात लपला होता. हा कायदा २०१७ मध्ये लागू झाला तो दहा किंवा जास्त कामगार असलेल्या दुकानांना. दहापेक्षा कमी असतील तर दुकानदारानं फक्त ऑनलाइन माहिती कळवायची. किमान वेतनाचा कायदा वेगळा आहे, तो सुटत नाही. पण तास, विश्रांती, रजा यांचं छप्पर गेलं.

आता बुलढाणा जिल्ह्यातल्या कोणत्याही पेठेतून चालत जा आणि मोजा. किराणा दुकानात दोन. मेडिकलमध्ये तीन. हार्डवेअरमध्ये चार. आमच्या कापडाच्या दुकानात, लग्नसराईतला मी धरून, सात. १९४७-४८ च्या कायद्याला एक माणूसही पुरे होता. २०१७ च्या कायद्याला आम्ही सातही कमी पडलो.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं आणखी एक पाऊल टाकलं : दहाचा आकडा वीस, आणि दिवसाचे ९ तास १०. धंदा करणं सोपं व्हावं, गुंतवणूक यावी, ही कारणं दिली गेली. ती कारणं खोटी नसतीलही. पण लोखंड्यांपासून पुढे सरकत आलेली रेघ या वेळी मागे आली, हे लिहून ठेवलं पाहिजे.

मिठाई गल्लीतल्या बायका

"असंच असतं, दुकान म्हटलं की उभं राहावंच लागतं," असं काका म्हणायचे. मीही तेच मानत होतो. मग केरळची गोष्ट वाचली.

कोळिकोडला मिठाई तेरुवू नावाची पेठ आहे, म्हणजे मिठाई गल्ली. तिथल्या कापडदुकानांतल्या बायकांना दिवसभर बसता येत नसे आणि लघवीला जायची सोय नसे. म्हणून त्या पाणीच कमी प्यायच्या. पी. विजी या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी २००९-१० च्या सुमारास या बायकांना जमवायला सुरुवात केली. मागणी एवढीच : संडास-मुतारी. मग दुसरी मागणी आली : बसायचा हक्क. २०१४-१५ मध्ये त्रिशूरला एका मोठ्या साडीदुकानातल्या बायकांनी तीन महिन्यांहून जास्त काळ धरणं धरलं. दुकानात बसू देत नाहीत, म्हणून दुकानासमोर बसल्या.

२०१८ मध्ये केरळनं आपल्या दुकान कायद्यात बसायच्या हक्काचं कलम घातलं. २०२१ मध्ये तामिळनाडूनंही घातलं. लंडनच्या त्या तिघींतल्या एका स्टुलानंतर सव्वाशे वर्षांनी.

आपल्याकडे? केंद्राच्या सुरक्षा आणि आरोग्याच्या संहितेत उभ्यानं काम करणाऱ्यांसाठी बसायची सोय करावी असं म्हटलं आहे, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ती लागू झाली. मी ती उत्साहानं वाचायला घेतली. 'आस्थापना' या शब्दाच्या व्याख्येपाशी थांबलो. दहा किंवा जास्त कामगार.

पुन्हा दहा.

विजींनी जमवलेल्या बायकाही वेगवेगळ्या दुकानांतल्या होत्या. दोन इथल्या, तीन तिथल्या. एकत्र यायला भोंगा लागतोच असं नाही, हे त्यांनी दाखवलं. एका दुकानात दहा नसतील, पण एका गल्लीत असतात.

मागच्या दिवाळीला त्याच दुकानात आईसाठी साडी घ्यायला गेलो. आता तिथे तीन मुलीही कामाला आहेत. काका आहेत, केस पांढरे झालेत. मला गिऱ्हाईक म्हणून स्टूल मिळालं. तेच स्टूल, फक्त नवं रेक्झिन लावलेलं. शेठजींनी चहा सांगितला. मी बसलो होतो आणि काका उभ्यानं साड्या दाखवत होते. मला ते सहन होईना. म्हटलं, "काका, बसून दाखवा ना. मला घाई नाही."

त्यांनी गल्ल्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "थांब, खालच्या कप्प्यात चांगला माल आहे."

आणि खाली बसले. मग मीही स्टुलावरून उतरलो आणि त्यांच्याजवळ जमिनीवर मांडी घातली. जुन्या दुकानात बसायचे तसे आम्ही दोघं समोरासमोर बसून बराच वेळ साड्या बघत राहिलो. गल्ल्यावरून कुणी काही बोललं नाही.